नियम सात, पोटनियम तीन : माझी हरकत

२ जानेवारी, गुरुवार. सकाळी ७.
निवृत्तीला आज चौदा महिने झाले. नवी वही, नवा संकल्प : रिकामं बसायचं नाही. एकतीस वर्षं धुळ्याच्या ऑफिसात आवक-जावक सांभाळली. असा माणूस जळगावात बसून मटार सोलतो, हे शासनाचं नुकसान आहे.

सायंकाळी ६.
रिकामपण संपलं. नशिराबाद रोडला अय्युबभाई आणि रईसाभाभींचं भरीत सेंटर आहे. वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजतात. अख्ख्या हायवेवर असं भरीत नाही. त्यांच्या शेजारचे भांडीवाले चंपालाल शेठ आज तिथे मोबाइलवर राजपत्र घेऊन आले. पावसाळी अधिवेशनात शेतातला काडीकचरा जाळायला बंदी करणारं विधेयक पास झालं होतं. अकरा मिनिटांत. मी लाइव्ह पाहिलं होतं. आता विभागाने त्याचे प्रारूप नियम काढलेत. नियम ७(३) : महामार्गापासून दोनशे मीटरच्या आत पिकांचे अवशेष जाळता येणार नाहीत.
म्हणजे अय्युबभाईंची भट्टी बंद. सोळा वर्षांचा धंदा, घरात सहा माणसं.
अय्युबभाई घाबरले. मी नाही घाबरलो. त्यांना समजावलं की कायदा सभागृह करतं, पण दात असतात नियमांना, आणि ते अजून कच्चे आहेत. ३१ जानेवारीपर्यंत कोणीही हरकत पाठवू शकतो. अय्युबभाई म्हणाले, नाना, अब तुम्हीच बघा. मी म्हटलं, बघितलंच समजा.

३ जानेवारी, शुक्रवार.
रईसाभाभींनी विचारलं, राजपत्रात ई-मेलचा पत्ता दिलाय, मैं दोन ओळी टाकून देऊ का? मी स्पष्ट मनाई केली. ई-मेलला ना जावक क्रमांक, ना खुणेच्या कागदी पताका, ना समास. असल्या फुटकळ गोष्टींनी आपल्या मुख्य हरकतीचं वजन कमी होतं. भाभी वांगी फिरवायला गेल्या. पटलं असावं.

९ जानेवारी, गुरुवार.
मसुदा सुरू. प्रस्तावनेतच चार पानं झाली. खान्देशातील वांग्याचा इतिहास आवश्यक आहे.

१४ जानेवारी, मंगळवार.
संक्रांत. तीळगूळ खाऊन परिशिष्ट 'ब' केलं. अजून वांग्यावरच आहे. भट्टीवर उद्यापासून.

१९ जानेवारी, रविवार.
भट्टीपासून रस्त्याचं अंतर टेपने मोजलं. सदतीस मीटर. पुन्हा मोजलं, एकेचाळीस. तिसऱ्यांदा मोजताना ट्रकवाल्याने शिवी दिली. 'सुमारे चाळीस' असं नमूद करणार.

२७ जानेवारी, सोमवार. दुपारी ४.
झालं! तेवीस पानं, पाच परिशिष्टं, दोनशे अठरा सह्या. लाल पताका, हिरव्या पताका. मागणी शेवटच्या पानावर : 'स्वयंपाकाची भट्टी वगळावी.'
जावक रजिस्टर घरी आहेच. निरोप समारंभात ऑफिसने मला लाकडी ट्रेसुद्धा दिला होता, तोच, ज्यावर 'जावक' असं पितळी अक्षरांत आहे. तो फ्रीजवर ठेवलाय. पाकिटावर पत्ता लिहिला, रजिस्टरमध्ये जावक क्र. १ टाकला, सही केली, पाकीट ट्रेमध्ये ठेवलं. चार दिवस हातात राखून हरकत गेली. अंगावरचं ओझं उतरलं.
अय्युबभाईंना फोन केला. म्हटलं, निर्धास्त राहा, गेली. म्हणाले, नाना, तुमचे उपकार. मला भरून आलं.

३ फेब्रुवारी, सोमवार.
पोच नाही. मंत्रालयात घोडं कुठेतरी पेंड खात असणार.

१० फेब्रुवारी, सोमवार.
पोच नाही. सकाळपासून फाटकापर्यंत सात चकरा. पोस्टमन आला, विजेचं बिल दिलं. त्याच्याकडे संशयाने पाहिलं. त्यानेही माझ्याकडे पाहिलं.
स्मरणपत्र लिहिलं. जावक क्र. २. ट्रेमध्ये.

१८ फेब्रुवारी, मंगळवार.
धुळ्याहून उखर्डूचा फोन. आमच्या ऑफिसचा शिपाई, माझ्याच वर्षी निवृत्त झाला. गडी सरळ, पण नजर बारीक गोष्टींवर. एवढी मोठी हरकत सांगितली तर हा विचारतो, नाना, पाकिटले तिकीट कितलं लागनं? मी म्हटलं, ते मला काय माहीत, तो माझा विभाग कधीच नव्हता. मग त्याने फोनच ठेवला. रेंज गेली असावी.

२५ फेब्रुवारी, मंगळवार.
झोप उडालीय, बीपी वाढलंय. डॉक्टर म्हणाले, चालत जा. मी म्हटलं, फाटकापर्यंत रोज चालतो.
कडक शब्दांत स्मरणपत्र क्र. २. जावक क्र. ३. बायको कुरकुरतेय. ती दोंडाईच्याची, तोंडाने फटकळ. म्हणे, बठ्ठा फ्रीज तुम्हना कागदंनी भरी गया, मी पापड कोठे ठेवू? शासकीय कामाची हिला कदर नाही. एकतीस वर्षांत माझं एकही पत्र अडलं नाही, हे तिला कोण सांगणार?

६ मार्च, गुरुवार.
आमदारसाहेबांच्या ऑफिसात गेलो. अधिवेशन चालू आहे, औचित्याचा मुद्दा मांडा म्हटलं. त्यांचे पीए कुंदन म्हणाले, पोच दाखवा. मी जावक रजिस्टर दाखवलं. त्यांनी उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, नाना, हे रजिस्टर तुमचंच का? मी म्हटलं, म्हणूनच तर भरवशाचं आहे. पुढच्या आठवड्यात बघतो म्हणाले. मुद्दा बहुधा उचलणार.

१२ मार्च, बुधवार.
सभागृह लाइव्ह लावून सकाळपासून बसलो. औचित्याचे सात मुद्दे. एक बिबट्यावर, एक नळपाण्यावर, बाकीचे गोंधळात ऐकू आले नाहीत. विभागाचे तीन अहवाल पटलावर ठेवले, म्हणजे मंत्री उठले, ठेवले म्हणाले, बसले. वांगं नाही. मग कामकाज तहकूब.
अय्युबभाई संध्याकाळी येऊन गेले. चहा घेतला नाही. भट्टी काढून गॅस घ्यायचा का विचारत होते. चेहरा उतरला होता. मला त्यांच्याकडे बघवेना. म्हणालो, धीर धरा, माझी हरकत सचिवांच्या टेबलावर आहे. मला ती तिथे दिसतेच आहे.
ते गेल्यावर अतिशय कडक स्मरणपत्र. जावक क्र. ४.

२५ एप्रिल, शुक्रवार. दुपारी १.
जिंकलो! जिंकलो! अंतिम नियम आले. ७(३) मध्ये नवं वाक्य : 'स्वयंपाकाच्या भट्टीस हा नियम लागू नाही.' सोबतच्या अहवालात छापलंय, या नियमावर प्राप्त हरकती : १. मान्य.
एक! अख्ख्या राज्यातून एक! मराठी माणूस नुसती तक्रार करतो, कागद करत नाही. पोच आली नाही याचंही कारण कळलं. विषय मोठा होता, त्यांनी थेट नियमच बदलून कळवलं.

२७ एप्रिल, रविवार.
भरीत सेंटरवर सत्कार. चंपालाल शेठांनी शाल आणली, नारळ आणला, फोटोवाला आणला. मी चाळीस मिनिटं बोललो. विधेयक, नियम, हरकत, पताका, सगळं समजावलं. लोक मंत्रमुग्ध. दोघांना तर डुलकी लागली, इतकं निवांत वाटलं त्यांना. अय्युबभाई गळ्यात पडून रडले. रईसाभाभी भट्टीपाशी वांगी फिरवत होत्या, धुरात हसत होत्या. पहिलं ताट मला दिलं. कळण्याची भाकरी, वर तेलाची धार. मी तीन खाल्ल्या.

२८ एप्रिल, सोमवार. सकाळी १०.
परवा अक्षय्य तृतीया, आमची आखाजी. बायकोने साफसफाई काढली. फ्रीज सरकवला. मग माझ्यापुढे ट्रे आणून आदळला आणि म्हणाली, हाई काय शे? तिकीट बी नही.
चार पाकिटं. एक जाड, तीन पातळ.

सकाळी ११.
पाकिटं मोजली. चारच आहेत.

दुपारी १२.
आता आठवतंय. ऑफिसात मी ट्रेमध्ये ठेवायचो आणि पत्र जायचं. कसं जायचं, हे मी एकतीस वर्षांत एकदाही पाहिलं नाही. चार वाजता उखर्डू यायचा.

सायंकाळी ५.
भरीत सेंटरवर गेलो. अय्युबभाई यावलला वांगी आणायला गेले होते, बरं झालं. रईसाभाभींनी न विचारताच मोबाइल पुढे केला. ३० जानेवारीचा ई-मेल. 'हम काडीवर वांगं भाजतो, शेत नाही जाळत. सोळा साल से. आमची भट्टी वगळा.' खाली विभागाचं उत्तर, नोंद घेतली. म्हणाल्या, नाना, तुम्ही मनाई केली होती म्हणून बोलले नाही. मेरे मियां को भी मत सांगा, ते तुमच्यासाठी नमाजमध्ये दुआ मागतात. आणि सांगितलं तर शाल द्यायला लागेल परत, थंडीत काय कराल?
मी हसलो नाही. लाज वाटली. त्या माणसाला मी तीन महिने खोटा धीर दिला, आणि तिलाही गप्प बसवायला निघालो होतो. ऐकलं असतं तिने, तर आज भट्टी नसती.
भाभींनी भरीत बांधून दिलं. पैसे घेतले नाहीत.

२९ एप्रिल, मंगळवार. सकाळी ७.
ठरलं. अय्युबभाईंना खरं सांगायचं. चंपालाल शेठांनाही. तोंडी सांगायला गेलो तर जीभ वळणार नाही, म्हणून लेखीच बरं. दीड पान झालं. वांग्याचा इतिहास घेतला नाही. शेवटी लिहिलं : मी हरकत पाठवलीच नव्हती, श्रेय रईसाभाभींचं आहे, माफ करा. हे वाक्य दोनदा खोडलं. पण लिहिलं. आयुष्यात इतका खरा कागद मी केला नव्हता.
पाकीट बंद केलं. पत्ता लिहिला. जावक क्र. ५. सही केली, ट्रेमध्ये ठेवलं.
आता कसं मोकळं वाटतंय.