दारू: नाही

१४ नोव्हेंबर, दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. तुम्ही सगळे मजेत असाल. माझा फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. आधीच सांगते, बाबा सुखरूप आहेत. घसरून पडले, मांडीचं हाड मोडलं, माझ्याच वॉर्डात आहेत. ऑपरेशन नीट झालं. आज जेवणाला नावं ठेवली, म्हणजे सुधारतायत.

मधले दिवस वाईट गेले. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी हात थरथरू लागले, दरदरून घाम सुटला. मग सलाइन उपटलं. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस चादरीवरून नसलेले स्क्रू वेचत होता. मला म्हणाले, "पाय देऊ नका, हरवतील." मला ओळखलंच नव्हतं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, डोक्याचा स्कॅन काढला. काही सापडेना.

सापडणार कसं? भरतीच्या वेळी दुसरी सिस्टर बाबांना माहिती विचारायला निघाली होती. मी म्हटलं, राहू दे, घरचंच माणूस आहे, मी भरते. आणि 'दारू'पुढे मी 'नाही' लिहिलं. वीस वर्षं नर्स आहे मी, दादा. दुसऱ्या कुणाच्या मुलीने असं केलं असतं तर तिला फैलावर घेतलं असतं. कपाटातली बाटली मला माहीत होती. सकाळी चहाच्याही आधी लागते, हेही.

दोन दिवस असेच गेले. मग डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. "सिस्टर, शेवटची कधी घेतली होती?"

"पडले त्या सकाळी," मी म्हटलं. त्या रागावल्या नाहीत. लगेच इंजेक्शनं सुरू केली. माझ्या लाजेपायी बाबांचा जीव गेला असता.

आमच्याकडे कागदावर चुकलेलं गिरगटत नाहीत. एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी खरं लिहून सही, तारीख, वेळ. मी तसंच केलं. त्याखाली डॉक्टरीणबाईंनी निदान लिहिलं: दारूचं व्यसन, दारू अचानक बंद झाल्याने तीव्र भ्रम. वाचताना मला रडू आलं आणि हलकंही वाटलं.

नऊ वर्षांपूर्वी तू हेच सगळ्यांसमोर बोललास, तेव्हा मी तुला खोटारडा म्हटलं. तू घर सोडलंस ते त्यावरून.

आज बाबा पूर्ण भानावर आहेत. 'केव्हापासून' हा रकाना अजून मोकळा आहे. डॉक्टरीणबाईंनी त्यांनाच विचारलं. त्यांनी पायावरची चादर सारखी केली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "थोरल्याला विचारा. तो खरं सांगतो."

तुला खोटं पाडणारी,
तुझी धाकटी