तीन थरांची आइसकांडी आणि गप्प बसायचा खेळ

ति. आत्या,

तुझ्या पायांवर डोकं ठेवतो आणि डोकं खाली असतानाच सांगून टाकतो, ती आइसकांडी मीच खाल्ली. कुठली आइसकांडी, कुणाची, हे तुला अजून काहीच माहीत नाही, त्यामुळे तुला राग यायला निदान दोन पानं तरी लागतील. तेवढ्यात मी बाकीचं उरकून घेतो. तुझा गुडघा काय म्हणतोय? डॉक्टरांनी जिने चढू नका म्हटल्यापासून तू आमच्याकडे फिरकली नाहीस. (आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो यात माझी काही चूक नाही. घरातली बहुतेक ही एकच गोष्ट असेल जिच्यात माझी चूक नाही.) इकडे सगळे मजेत. म्हणजे आई दोन दिवस रडत होती, बाबा चार दिवस बोलत नव्हते, ताईने रजा टाकली आणि फ्रीजमधून पाणी येतंय, पण तसे मजेत.

झालं असं की रविवारी आई तिच्या मैत्रिणीकडे गेली होती. ताईला आणि दाजींना शाळेच्या कागदांची जमवाजमव करायची होती, म्हणून त्यांनी लेकीला, म्हणजे भुंगीला, दिवसभरासाठी आमच्याकडे सोडलं. तू तिला पाहिलंस तेव्हा ती रांगत होती. आता साडेचार वर्षांची झालीय आणि डोळे उघडल्यापासून मिटेपर्यंत तोंड चालू, म्हणून मीच तिचं नाव भुंगी ठेवलं. ताईच्या ऑफिससमोर एक बालवाडी आहे, तिथे यंदा एकच जागा उरलीय. शुक्रवारी दहा वाजता तिथल्या मोठ्या बाई भुंगीला समोर बसवून चार प्रश्न विचारणार. बोलली तर जागा तिची, नाही बोलली तर रांगेतल्या पुढच्या पोराची. आणि जागा गेली तर ताईला नोकरी सोडावी लागणार, कारण पोरीला दिवसभर सांभाळायचं कुणी? (मी म्हणालो, मी सांभाळतो. त्यावर ताई ज्या प्रकारे हसली ते मी जन्मभर विसरणार नाही.)

ताईने जाताना फ्रीजवर एक चिठ्ठी चिकटवली. मोबाईल नाही, टीव्ही नाही. चादरीचं घर करा, रंगीत पिठाशी खेळा, फळांच्या आइसकांड्या करा. मला वाटलं, एवढंच? एवढं तर मी झोपेतही करेन. (नंतर कळलं की झोपेनेच घात केला.) आइसकांडीला वेळ लागतो म्हणून ती सकाळीच लावली. सहा स्टीलचे पेले घेतले, खाली कलिंगडाचा रस. तो गोठला की त्यावर दुधात कुस्करलेलं केळं, ते गोठलं की वर संत्र्याचा रस. काड्या नव्हत्या म्हणून चमचे खोचले. प्रत्येक थराला दोन तास लागतात, पण आमच्याकडे अडीच लागले असतील, कारण भुंगी दर पाच मिनिटांनी फ्रीज उघडून त्याला विचारायची, झालं का रे?

मधल्या वेळात आम्ही दोन खुर्च्यांवर चादर टाकून घर केलं. बाबा आधी लांबून पेपराआडून बघत होते, मग म्हणाले कोपरा नीट ओढ, मग स्वतःच ओढायला आले आणि पाच मिनिटांनी बघतो तर चादरीखाली बसून त्यांनी वाचनालय उघडलेलं. एकतीस वर्षं वाचनालयाच्या काउंटरवर बसलेला माणूस, सवय कुठे जाते? भुंगीला तिचंच चित्रांचं पुस्तक सात दिवसांच्या बोलीवर दिलं आणि वर दटावलं, इथे कुजबुजायचंसुद्धा नाही. जेवणानंतर ते आडवे झाले तेव्हा आम्ही पीठ काढलं. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, चमचाभर तेल आणि बिटाचं पाणी घालून मळलं की मस्त लालेलाल गोळा होतो. (खारट इतका की कुणी दुसरा घास खाणार नाही. मी पहिला खाऊन खात्री केली.) त्यात आम्ही ठसे घेतले. किल्लीचा घेतला, कंगव्याचा घेतला, माझ्या कानाचा घेतला, मग वाटीत बाबांची कवळी दिसली. आत्या, काय सुरेख ठसा उठला म्हणून सांगू! भुंगीने ते दातांचं हसू खिडकीत वाळत ठेवलं, तर समोरच्या बाईंनी त्यांची खिडकी लावून घेतली ती अजून उघडलेली नाही.

साडेतीनला कांड्या काढायला घेतल्या. चमचा ओढला की चमचा हातात, बर्फ पेल्यात. असे पाच पेले वाया गेले, म्हणजे पोटात गेले. सहावा भुंगीने हट्टाने काखेत धरून ठेवला होता. त्यातून जी कांडी निघाली, ती आम्ही तिघं वळवून वळवून बघायला लागलो. खाली लाल, मध्ये पांढरा, वर केशरी, दुकानातसुद्धा अशी मिळणार नाही. आणि मग भांडण. भुंगी म्हणे, माझ्या काखेतली आहे म्हणजे माझी. बाबा म्हणे, चादर कुणाची? माझी. (चादरीचा काय संबंध, ते मला विचारू नकोस.) साडेचार वर्षांची पोर आणि सदुसष्ट वर्षांचे बाबा एका चमच्याला दोन बाजूंनी धरून उभे. माझे डोळे मिटत होते. मी म्हटलं, असं करू, कांडी परत पेल्यात घालून फ्रीजमध्ये ठेवतो, आता गप्प बसायचा खेळ. जो आधी बोलेल तो हरला, जो टिकेल त्याची कांडी. मान हलवली तर चालेल, तोंड उघडायचं नाही. लिहायचं पण नाही, कारण भुंगीला लिहिता येत नाही. बाबा मिशीत हसले. म्हणाले, "अगं, मी अख्ख्या गावाला गप्प बसवलंय, तू कोण?" भुंगीने गाल फुगवले आणि चार वाजता खेळ सुरू झाला. मी शहाण्यासारखा झोपलो.

साडेपाचला उठलो तर दोघं समोरासमोर बसलेली, घड्याळाची टिकटिक ऐकू येतेय. मी पाणी प्यायला गेलो. फ्रीज उघडला तो निव्वळ थर सरळ आहेत ना बघायला. वरून थोडं वितळल्यासारखं वाटलं म्हणून चाटून सपाट केलं. मग एक बाजू उतरती दिसायला लागली म्हणून दुसरी बाजू सारखी केली. अशी डागडुजी करता करता, आत्या, केशरी संपला. आता नुसते दोन थर कुणाला द्यायचे? फसवल्यासारखं होईल. म्हणून मग सगळीच खाल्ली. सहाला ताई आली, भुंगी गप्प बघून तिला वाटलं दमलीय, खांद्यावर टाकून घेऊन गेली. खेळ संपला असं कुणी म्हटलंच नाही. मी म्हणायला हवं होतं. पण खेळ संपला म्हटलं की बक्षीस काढावं लागतं.

मला वाटलं, रात्री झोपेत एक तरी बडबडेल. पण रक्त एकच ना! सोमवारी सकाळी बाबांनी खुणेने चहा मागितला. आईला वाटलं रुसले. दुपारपर्यंत ती कासावीस झाली आणि स्वतःहून म्हणाली, "कळलं मला. माळ्यावर गेला होतात ना? तुमची बारा वर्षांची कोड्यांची मासिकं मीच रद्दीत दिली." बाबांचे डोळे हे एवढे झाले, ओठ हलले, मी जीव मुठीत धरून बसलो, आता फुटणार! पण बाबा तीन पेले पाणी प्यायले आणि आकाशाकडे बघत राहिले. आई रडत मुगाच्या भांड्यात मीठ घालत बसली. संध्याकाळी दाजी आले. बाबा बोलेनात म्हणून त्यांनाही घाम फुटला आणि त्यांनी सांगून टाकलं की बाबांची छत्री वर्षापूर्वी त्यांच्याकडून बसमध्ये राहिली आणि आता आहे ती त्यांनी तशीच दुसरी आणून ठेवलेली. (बाबा वर्षभर त्याच छत्रीकडे बोट दाखवून आम्हाला सांगतात, बघा, जुन्या काळचा माल!) खालचे शिंपीकाका नुसते मासिक मागायला आले होते, ते पण उभ्या उभ्या कबूल करून गेले की बाबांची पँट आखूड झाली ती कापड कमी पडून नाही. माणूस गप्प बसला की समोरच्याला आपली सगळी पापं आठवतात, हे मला शाळेत कुणी शिकवलं नाही.

तिकडे ताईची दशा वाईट. तीन महिने तिने भुंगीला घोकून घेतलं होतं, नाव काय, रंग कुठला, गाय काय देते. आता पोर नुसती मान हलवते. डॉक्टरांकडे नेली. ते म्हणाले, आ कर. तर भुंगीने आवाज न करता इतका मोठा आ केला की डॉक्टर म्हणाले एवढा स्वच्छ घसा मी पाहिला नाही, घरी जा. ताई ऑफिसात बसून रडली. मला रोज फोन करून विचारायची, रविवारी काही झालं होतं का रे, ती कशाला घाबरली का? मी म्हणायचो, छे. आत्या, तेव्हा मात्र पोटात गार पडायचं, आणि ते आइसकांडीमुळे नाही. दुसरी करून गुपचूप का नाही ठेवलीस, असं तू विचारशील. ते खाली लिहितो, इथे जागा कमी आहे.

आज गुरुवार. दुपारी ताई भुंगीला घेऊन आली, कारण तिला आता कुणापुढे तरी बसून रडायचं होतं. भुंगी बोलत नाही हे बाबांना आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. (आजारी माणसाला कशाला त्रास, असं आई आणि दाजींनी ठरवलं होतं.) ताई आईला म्हणाली, "चार दिवस अवाक्षर नाही गं. उद्या दहाला काय करू मी?" बाबांचा पेपर हळूहळू खाली आला. त्यांनी भुंगीकडे बघितलं. भुंगीने ओठ आणखी घट्ट मिटले. मग बाबांनी घसा खाकरला आणि वर्षभर न उघडलेल्या कपाटासारख्या आवाजात म्हणाले, "हरलो गं बाई. तू जिंकलीस."

त्यानंतर भुंगी चाळीस मिनिटं बोलली. चार दिवसांचं तुंबलेलं एकदम. डॉक्टरांच्या नाकातले केस, ताईचं रडणं, गाय काय देते, सगळं. ताई हसत होती, रडत होती, बाबांच्या गळ्यात पडत होती. आणि मग भुंगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि हात पुढे केला. मी म्हटलं, अजून नीट गोठली नाहीये, उद्या देतो. ती म्हणाली, "उद्या शाळेच्या आधी. नाहीतर मी परत गप्प." आणि आत्या, ती काय चीज आहे हे आता सगळ्या घराला माहीत आहे. तिच्या मुलाखतीला तुझे आशीर्वाद असू दे, एवढंच मागायला हे पत्र लिहिलं. गुडघ्याला जप.

तुझा (हे वाचून होईपर्यंत तरी) लाडका भाचा

ता. क. आशीर्वादाबरोबर तुझा फ्रीजही लागेल. लाँड्रीवाल्या काकांच्या हाती पत्राबरोबर पिशवी पाठवलीय, तीत अर्धं कलिंगड, चार संत्री, दोन केळी आणि सहा पेले आहेत. दूध तुझं घाल. आत्ताच लावलंस तर झोपायच्या आधी तिन्ही थर होतील. सकाळी आठला मी न्यायला येतो. काढताना पेला काखेत धर, ओढू नकोस. आमच्या फ्रीजचं असं झालं की मंगळवारी मी दुसऱ्यांदा कांड्या लावल्या, त्या चिकटल्या, मी स्क्रूड्रायव्हरने जरा खरवडलं, तर आतून फुस्स आवाज आला आणि तेव्हापासून तो कपाट म्हणूनच उपयोगी आहे. आईला वाटतंय वीज कमी येते.

ता. क. २. दोन तरी धड काढ. आत्ताच बाबांनी मला गॅलरीत बोलावलं होतं. रविवारी सव्वासहाला त्यांनीही फ्रीज उघडला होता. (निव्वळ बघायला. हातात रिकामी बशी होती, पण निव्वळ बघायला.) पेल्यात नुसता चमचा बघून त्यांना सगळं कळलं. म्हणजे चार दिवस ते कांडीसाठी गप्प नव्हतेच! म्हणाले, सोमवारी दुपारपासून तुझी आई न मागता चहा द्यायला लागली, जावई पाया पडायला लागले, मग म्हटलं चालू दे. पोर पण गप्प आहे हे माहीत असतं तर पहिल्याच दिवशी बोललो असतो. ते ताईला काही सांगणार नाहीत, पण त्यांना एक कांडी हवीय आणि केळ्याचा थर जरा जाड हवाय.

ता. क. ३. आत्या, पाया पडतो, यातलं कुणाला म्हणजे कुणालाच सांगू नकोस. आईला नको, ताईला तर मुळीच नको. आणि एक. मंगळवारी तू बाबांना फोन केला होतास. त्यांना ऐकू कमी येतं म्हणून मी तो नेहमी स्पीकरवर लावून धरतो, हे तुला माहीत नसावं. बाबा काही बोलेनात म्हणून तू जे सांगितलंस ना, की लहानपणी आजोबांच्या चष्म्यावर बसून तो तू मोडलास आणि मार बाबांना बसला, ते मी ऐकलंय. मी नाही कुणाला सांगणार. तूही सांगू नकोस, आत्या. प्लीज.