जयमालाचं खोटं

३० जानेवारी १९७९
जयमाला पुन्हा खोटं बोलली. दूध मांजरानं सांडलं म्हणे! आमच्या तिसऱ्या मजल्यावर मांजर येणार कुठून? दोन ठेवून दिल्या. आठ वर्षांची पोर आणि तोंडावर थापा. वाशीला राहायला आल्यापासून शाळा सुटली की वाशीगावात खेळायला पळते — तिथल्या पोरांचं वळण लागलं. सरस्वतीला सांगितलं, लेकीचं गावात जाणं उद्यापासून बंद. 

३१ जानेवारी
शाळेतून आल्यापासून खिडकीशी बसून होती म्हणे. नखं खाते.

४ फेब्रुवारी, रविवार
दुपारी पाहतो तर पोर घरात नाही. तडक वाशीगावात गेलो. विचारत विचारत चांगुणाबाईच्या अंगणाशी पोचलो. ही सुकी मासळी विकते. नवरा वारला, भाताची जमीन नव्या शहरात गेली. मुलगा-सून कामावर, चार नातवंडं हिच्या गळ्यात.

हाक मारणार, तोच आतून जयमालाचा आवाज आला. "आजी, तुझं मडकं मी फोडलं. दुसऱ्या कुणी नाही, मीच."

मी कुंपणाशीच थांबलो. चांगुणाबाईनं आधी पोरीचे पाय पाहिले, कुठं कापलं नाही ना. मग दोघींनी मिळून खापऱ्या उचलल्या. संपलं! पोर पुन्हा खेळायला.

मी आत गेलो. मला पाहताच तिचा चेहरा उतरला. "बाबा, मी आत्ताच आले. आईनं पाठवलं."

खोटं. त्याच तोंडानं.

चांगुणाबाईनं मला पाणी दिलं. मी विचारलं, तुमच्याशी ही खरं कशी बोलते? तिनं सूप खाली ठेवलं.

"पोर खोटं कुनाशी बोलतं, भाऊ? ज्याचं भ्या वाटतं त्याच्याशी."

५ फेब्रुवारी
ऑफिसात दोन पत्रं चुकीच्या पत्त्यावर गेली. डोक्यात तेच वाक्य.

७ फेब्रुवारी
आधी नायगावच्या चाळीत राहायचो तेव्हा माझा आवाज चढला की शेजारचे पोपटराव दारात येऊन उभे राहायचे. कधी माझी आई मध्ये पडायची. इथं दोन खोल्या, स्वतंत्र नळ, आणि दार लावलं की आत काय चाललंय ते कुणाला कळत नाही. मला वाटत होतं, पोरीला चांगल्या वस्तीत आणलं.

११ फेब्रुवारी, रविवार
स्वतःच जयमालाला गावात सोडायला गेलो आणि तासभर बसलो. दोन नातवंडांची मारामारी झाली. चांगुणाबाईनं दोघांना समोर बसवलं, एकेकाचं शेवटपर्यंत ऐकलं. हात मासळी निवडत होते, पण कान पोरांकडे. धाकटा स्वतःच म्हणाला, पहिला मी मारला. बाईला सहीसुद्धा येत नाही. मी बी.ए. झालेला माणूस — मला हे येत नाही!

२५ फेब्रुवारी
दोन आठवडे हात उचलला नाही. काल एकदा ओरडलो. नंतर पोरीला सांगितलं, चुकलं माझं. 

३ मार्च
संध्याकाळी जयमाला समोर येऊन उभी राहिली. म्हणाली, एक खरं सांगू? सांग म्हटलं.

"तुमची चप्पल जिन्यात वाजली की माझ्या पोटात दुखतं, बाबा."

एवढं खरं मी माझ्या बापाला कधीच सांगू शकलो नाही.