सुटलेली कड

ता. ४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

या वॉर्डात माणसांना प्रवेश नाही, कपड्यांच्या पिशवीला आहे; म्हणून पिशवीतून हे पत्र. टिल्लीला काल एकशे दोन ताप भरला. कॅन्सरच्या औषधांनी तिची प्रतिकारशक्ती आधीच नावापुरती उरलेली. छातीतली नळी थेट हृदयाजवळच्या शिरेत जाते. जंतूंनी तोच राजमार्ग धरला असावा, असं डॉक्टर म्हणतात. ताप हटला नाही तर नळी काढणार, म्हणजे पुढची औषधं लांबणीवर.

नर्सबाई नळीचं टोक पुसताना मोठ्याने पंधरा अंक मोजतात. म्हणतात छान, पुसतात किती ते देव जाणे. त्यांच्याविरुद्ध तक्रार लिहितोय. चार पानं झाली, अजून प्रस्तावनाच चालू आहे.

लोभ आहेच, धीरही थोडा पाठव.
तुझा भाऊ

ता. ५

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

चारही पानं फाड. रविवारी टिल्लीला माझ्याकडे ठेवताना तू तीनदा बजावलंस, की नळीवरची पट्टी भिजली किंवा सुटली तर लगेच वॉर्डात फोन कर. मी तीनदा मान डोलावली आणि तिला अंघोळ घातली. पोरीला औषधाचा वास येत होता आणि मला शहाणपण सुचत होतं. पट्टी भिजली, एक कड सुटली. तीस वर्षं शिवणकाम केलेल्या बाईला सुटलेली कड बघवत नाही. टिपली, दाबली, वर दुकानातली चिकटपट्टी लावली. बाबाला सांगायचं नाही, असं टिल्लीला बजावलं. भाची माझीच, शब्दाला पक्की.

हे डॉक्टरांना दाखव. बोलायचं ते मला बोल. बाहेरच्या बाकावर बसले आहे.

आशीर्वाद द्यायला तोंड उरलं नाही, तरी देते.
ताई

ता. ७

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र दाखवलं. नर्सबाईंनी पहिल्याच दिवशी नोंद केली होती: आतली पट्टी ओली, वरची घरची. एवढी सरळ पट्टी वॉर्डात कुणालाच लावता येत नाही, म्हणाल्या. मला विचारलंही होतं म्हणे. तेव्हा आमच्या घरी असलं काही होत नाही, यावर मी त्यांना अर्धा तास व्याख्यान दिलं. म्हणजे ठाऊक नव्हतं ते फक्त तक्रारदाराला. पानं फाडली, माफी मागितली. ती एका ओळीत मावली.

ताप आज सकाळी उतरला. नळी तूर्तास राहिली. तुला पुष्कळ बोलणार होतो, पण टिल्लीने मला गप्प बसवलं. तिला आत्या हवी आहे. डॉक्टरांनी पाच मिनिटं दिली आहेत. तू हात धुशील तेव्हा पंधरा अंक तीच मोजणार. तिला बारापर्यंतच येतात, मग पुन्हा एकपासून धरते. तू निमूट धूत राहा.

लोभ आहे तसाच असू दे.
तुझा भाऊ