माझीच जमीन, माझंच बक्षीसपत्र

नागपूर, रविवार

प्रिय संघपाल,

सप्रेम जयभीम. तुझी कंबर आता कशी आहे? रोज उमरेडहून नागपूरला एसटीने ये-जा करणाऱ्या माणसाची जशी असते तशीच असेल म्हणा, पण विचारणं माझं काम आहे. घरची मंडळी मजेत असतील. तुझ्या ताईच्या तब्येतीची चौकशी मात्र मी करणार नाही. बायजाबाई माहेरी सुखात आहे, हे तिच्याशिवाय बाकी सगळ्या जगाने मला कळवलं आहे.

फोन सोडून भाऊजींनी पत्र काहून लिहिलं, असं तुला वाटेल. अरे बापा, तुझ्या घरचा फोन वाजला की उचलते कोण? तीच. आणि माझा आवाज ऐकून ‘राँग नंबर’ म्हणून ठेवून देते. लग्नाच्या नवऱ्याला राँग नंबर! तेव्हा म्हटलं, सगळी हकिगत कागदावर लिहावी आणि माझं काय चुकलं ते तूच सांगावं. (माझं काही चुकलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.)

तुला माहीत आहे, हुडकेश्वरच्या पलीकडे माझी जमीन आहे. वीज मंडळात वायरमन होतो तेव्हा, खांबावर चढून चढून पायांना भोवऱ्या पडल्या तेव्हा कुठे ती झाली. आता गुडघे वर चढू देत नाहीत, तर म्हटलं हातपाय धड आहेत तोवर प्रेमानंद आणि दीक्षा या दोघांच्या नावे करून टाकू. मुलगा-मुलगी असा भेद आपल्या घरात नाही. एका रविवारी दोघांना जेवायला बोलावलं, मटण केलं, आणि जेवण झाल्यावर मी उभा राहून जाहीर केलं. माझी अपेक्षा काय होती? पोरांच्या डोळ्यांत पाणी येईल, निदान कोणी पाया पडेल. तर दीक्षा (ती नर्स आहे हे मी विसरलो होतो) माझी नाडी बघायला लागली. ‘बाबा, तुम्हाले काही होऊन राहिलं का? छातीत दुखते का?’ आणि प्रेमानंद हाडूक चोखत म्हणतो, ‘पण याच्यावर टॅक्स किती लागन?’

बाप जमीन देऊन राहिला आणि पोरगा टॅक्स विचारून राहिला. पण ती शंका माझ्याही डोक्यात शिरली ना! दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर ताराचंदला विचारलं. ताराचंद म्हणजे आमच्या शेजारचा, ज्याने आयुष्यात कर कधी भरला नाही आणि म्हणून त्याला करातलं सगळं समजतं. तो म्हणाला, ‘देवराव, गेली गा तुमची जमीन! फुकटात मिळालेल्या वस्तूवर सरकार तिसरा हिस्सा घेते. टॅक्स भरासाठी पोरायले अर्धी जमीन इकाच लागन.’ माझं डोकं तापलं. मी घेतली, मी कुंपण घातलं, आणि सरकार कोण वाटेकरी? मी सरकारला ऐकवायचं एक जबरदस्त भाषण तयार केलं. अंघोळ करताना म्हणून बघायचो, मोठं छान बसत होतं.

मग सदर भागातल्या एका कर-सल्लागार बाईंकडे आम्ही चौघं गेलो. वेदिका नाव, वयाने आपल्या दीक्षाएवढी. मी घसा साफ करून भाषणाला सुरुवात करणार, तेवढ्यात ती म्हणाली, ‘काका, आईवडिलांनी मुलांना दिलेल्या जमिनीवर मुलांना इन्कम टॅक्स लागत नाही. शेतजमीन आहे आणि पोटच्या मुलांना देताय, म्हणून स्टॅम्पही नावापुरता. वरचा किरकोळ खर्च येईल तेवढाच.’

संघपाल, तू म्हणशील मला आनंद व्हायला पाहिजे होता. कसला आनंद? इतकं तयार केलेलं भाषण कुणाला ऐकवायचं?

बरं, तेही सोडून दिलं. तिने बक्षीसपत्राचा मसुदा वाचून दाखवला. त्यात वाक्य होतं की ही जमीन मी ‘नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी’ देत आहे. मी म्हटलं, हे काढा. ती म्हणते, राहू द्या काका, पैसे न घेता काहून देताय याचं कारण नको का? मी म्हटलं, ‘कर्तव्य म्हणून’ लिहा. प्रेमबीम सरकारी कागदावर कशाला? उद्या तो कारकून वाचेल, साक्षीदार वाचतील, ताराचंद वाचेल (साक्षीदार तोच ठरला होता). प्रेमानंद खाली मान घालून हसत होता. मग म्हणाला, ‘राहू द्या ना बाबा. एकदा तरी लेखी भेटू द्या.’ मी पाणी मागवलं.

आणि इथपर्यंत सगळं चांगलं चाललं असताना त्याच पोराने तोंड उघडलं. ‘मॅडम, पुढे कधी विकली तर?’ ती शांतपणे सांगते, विकताना खरेदीची किंमत वडिलांनी घेतली तेव्हाचीच धरतात, त्याच्यावर मिळेल तो नफा, आणि शेतजमीन असली तरी शहराला लागून असल्यामुळे त्या नफ्यावर टॅक्स लागेल आणि तो मुलांनी भरायचा. माझ्या कानात फक्त ‘विकली’ हा शब्द घणघणत राहिला. अजून दिली नाही, आणि हे विकून मोकळे! मी उठलो, ‘नाही देत जा!’ म्हणालो आणि ताडताड जिना उतरून रस्त्यावर आलो.

रस्त्यावर आल्यावर कळलं की पायात दुसऱ्याच कुणाचे बूट आहेत, माझ्या मापापेक्षा चांगले दोन बोटं मोठे. परत वर जावं लागलं. मला वाटलं, मागे हाहाकार उडाला असेल. तर सगळे निवांत चहा पिऊन राहिले होते आणि तुझी ताई त्या वेदिकाला लिंबाचं लोणचं कसं घालायचं ते सांगून राहिली होती. एकानेही माझ्यामागे येण्याचे कष्ट घेतले नव्हते! ज्याचे बूट होते तो मात्र अनवाणी उभा राहून माझ्याकडे रागाने बघत होता.

घरी आल्यावर बायजा म्हणाली, ‘द्याची तं सुटी करून द्या. पाय ठेवून काहून देता? दिल्यावर ते पेरतीन नाही तं इकतीन, तुम्हाले काय करा लागते?’ मी म्हटलं, ‘माझी जमीन आहे, मले विचाराचा हक्क आहे.’ बस, इतकंच. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी तिला शिवी दिली. मग पिशवी भरली आणि उमरेडची गाडी पकडली. एका साध्या ‘माझी’ शब्दाचं एवढं काय मनावर घ्यायचं, सांग!

तेव्हापासून प्रेमानंद रोज प्रताप नगरहून डबा आणून देतो. जमिनीचा चकार शब्द काढत नाही. याचाही मला फार संताप येतो. परवा मीच त्याला अडवून विचारलं, ‘खरं सांग, विकणार आहेस का?’ तो म्हणाला, ‘बाबा, मी तं नियम विचारून राहिलो होतो. दीक्षा न् मी तिथं घर बांधू म्हणत होतो, तुमच्या दोघायसाठी खालची खोली. पण मले काही नको आता. तुम्ही आईले आणा.’ आणि डबा ठेवून गेला. त्या दिवशीची भाजी खारट होती. निदान मला तरी लागली.

तेव्हा निर्णय तूच दे. मी एवढा देणारा माणूस, आणि घरात एकटा बसलो आहे. हा कुठला न्याय?

तुझा,
देवराव भाऊजी

ता. क. : एक बारीकशी गोष्ट लिहायची राहिली. ती जमीन कागदोपत्री आम्हा दोघांच्या नावे आहे. घेतानाच तसं केलं होतं. लिंबाची झाडंही तिनेच लावली आणि जगवली, मी फक्त कुंपण घातलं. वेदिका म्हणते, काकूंच्या सहीशिवाय पूर्ण जमीन देता येणार नाही. तर तिला घेऊन ये. सहीसाठी म्हण. मी बोलावलं असं म्हणू नको.

आणखी एक ता. क. : बोलावलं असं म्हटलंस तरी चालेल.

शेवटचं ता. क. : हे पत्र पोस्टात टाकत नाही. प्रेमानंद खाली गाडी सुरू करून हॉर्न वाजवून राहिला आहे, आम्ही दोघं तिकडेच निघालो. पत्र तुझ्या हातात मीच देईन. माझ्यासमोर उघडू नकोस. मी मागच्या अंगणात बायजाशी बोलायला गेलो की मग वाच, आणि मी परत येईपर्यंत कोणाला तिकडे फिरकू देऊ नको.