घागरभर खारं पाणी

॥ श्री ॥

अमरावती, भाद्रपद वद्य ५, शके १८५६

ति. दादांस धाकट्या जयवंतेचा नमस्कार.

इकडे सारे खुशाल. गोदावहिनींचा पाय दुखायचा थांबला का ते कळवा. अखाजीच्या सणाला तुम्ही मला माहेरी न्यायला शेजारच्या नत्थुजींना पाठवलं आणि मी त्यांना चहा पाजून परत लावलं, याचा तुम्हाला राग आला असेल. येऊ द्या. त्यावर आज लिहीत नाही.

आज लिहायचं कारण मासोळ्या.

यांचं तसबिरींना काच बसवायचं दुकान तुम्ही पाहिलं आहे. पोळ्याच्या आधी कॅम्पातल्या एका साहेबाच्या बंगल्यावर यांना बोलावणं आलं. तिथं काचेची मोठी पेटी आहे, तिच्यात पाणी आणि पाण्यात मासोळ्या. खायला नाही, नुसत्या पाहायला. पेटीची एक काच तडकली होती. सत्यभामेला शाळेला सुट्टी होती, म्हणून हे तिलाही सोबत घेऊन गेले. सत्यभामा म्हणजे यांच्या पहिलीची मुलगी. आमच्या लग्नात मांडवाच्या खांबाला टेकून बसली होती ती. काच बसवून झाली तरी पोरगी पेटीपुढून हलेना. घरी आल्यावर वडिलांना म्हणाली, "बाबा, आपल्या घरी कराल काय?"

या पोरीनं काही मागितलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. माझ्याशी ती बोलत नाही. फार झालं तर भिंतीकडे तोंड करून सांगते, "भाजीत मीठ नाही म्हणा." मग मी भिंतीला मीठ वाढते. तिची परतवाड्याची आजी, माणिकबाई, हिचा निरोप आला आहे की पोर इथं सुकून राहिली, दिवाळीनंतर मी तिला कायमची माझ्याकडे नेते. हे म्हणतात, "तिचं मन असंन तसं." मला विचाराल तर घरातलं एक ताट कमी होईल, एवढंच.

तर पेटी झाली. टिनाच्या पट्ट्यांची चौकट, बाजूंना काच, तळाला फरशी, आणि सांध्यांच्या फटी बुजवायला जवसाच्या तेलात मळलेली खडूची लांबी. लांबी वाळायच्या आत यांनी हौसेनं पाणी भरलं, ते सगळं ज्वारीच्या पोत्याखाली गेलं. मी दोन शब्द बोलले. मग पुन्हा लांबी भरून नीट वाळू दिली, आता थेंब गळत नाही. पेढी नदीची वाळू आणली. ती धुता धुता माझे हात गेले, कितीही धुवा, पाणी चहासारखंच निघायचं. शेवटी नितळ निघालं तेव्हा तळाशी पसरली. वडाळीच्या तलावातलं शेवाळ खड्यांना दोऱ्यानं बांधून लावलं. उन्हात ठेवलं तर पाणी हिरवं होतं असं बंगल्यावर सांगितलं, म्हणून पेटी देवळीखाली सावलीत आहे. पाणीही भरून नुसतं बसू दिलं आहे.

एवढं सगळं झालं आणि मासोळ्याच नाहीत. बाजारात मिळतात त्या कढईतल्या. आपल्या शेतातल्या विहिरीत सरकारी माणसानं डासांसाठी सोडलेल्या त्या बारीक मासोळ्या अजून आहेत ना? नत्थुजी लेकीकडे इथं येणारच आहेत, त्यांच्याबरोबर थोड्या पाठवा.

पोरगी गप्प असते, मासोळ्याही गप्प असतात. जमेल त्यांचं.

आपली
जयवंता

॥ श्री ॥

अमरावती, आश्विन वद्य २

ति. दादांस नमस्कार.

मासोळ्या पोचल्या. नत्थुजींनी घागरीच्या तोंडाला फडकं बांधून ती अकोल्यापासून मांडीवर आणली. बडनेऱ्यापर्यंत डब्यातले लोक तूप समजून भाव विचारत होते म्हणे.

आता पुढचं. त्या मासोळ्या मी मारल्या.

आपल्याकडे विहिरी खाऱ्या, पण पाहुण्याला खारं पाणी देत नाहीत, हे तुम्हाला सांगायला नको. खारं ढोरांना, भांड्यांना. पाहुणा ओसरीवर टेकला की आई दूरच्या विहिरीवरून डोक्यावर आणलेल्या गोड्या पाण्याचा तांब्या पुढे करायची, मग आपण घरचे तहानेले राहिलो तरी चालायचं. ती सवय माझ्या हाडात आहे. इथं नवी आले तेव्हा डाळसुद्धा मी आपल्या खाऱ्या पाण्याच्या हिशेबानं जास्त वेळ चुलीवर ठेवायची. नळाच्या पाण्यात तिचं पिठलं व्हायचं आणि हे मुकाट्यानं जेवायचे. तर मासोळ्या एवढ्या लांबून आल्या, माझ्या माहेरच्या. मी त्यांना फडक्यात गाळून घेतलं, खारं पाणी मोरीत ओतलं आणि त्यांना नळाच्या गोड्या पाण्यात सोडलं. पाहुणचार केला. दुपारपर्यंत सगळ्या उताण्या झाल्या.

सत्यभामा शाळेतून आली, पेटीपुढे उभी राहिली आणि वळून म्हणाली, "तुनं मारल्या."

भिंतीकडे पाहून नाही, माझ्याकडे पाहून म्हणाली. मला रडू यायला हवं होतं, आणि आलंही. पण दादा, खरं सांगते, ती माझ्याशी बोलली म्हणून त्या रडण्यात बरंही वाटत होतं.

ती डोळे पुसत परसात गेली. तिथं घागर घासायची पडली होती, तळाशी थोडं पाणी राहिलेलं. थोड्या वेळानं तिथूनच ओरडली, "यातल्या जित्या हायेत." मी धावले. दोन मासोळ्या त्या खाऱ्या पाण्यात मजेत फिरत होत्या. आम्ही दोघी घागरीवर वाकून कितीतरी वेळ पाहत राहिलो. काय झालं ते दोघींनाही कळलं. आपल्याला वाईट ते पाणी त्यांचं घरचं होतं.

मग ठरलं की घाई करायची नाही. रोज सकाळी घागरीत एक वाटी नळाचं पाणी. वाटी तिच्या हातात, घागर मी धरते. माझ्यावर तिचा भरवसा नाही, वाटी मला देत नाही. ज्वारीच्या पिठाची चिमूटही तीच टाकते, आणि तीही अर्धी, कारण उरलं की पाणी नासतं. "पाहून राहिली ना तू?" असं मला दटावते. मी पाहून राहते.

दादा, ती वाटी ओतते तेव्हा मला तुमचा राग येतो. तुम्ही स्थळ चांगलं पाहिलंत. माणूस शांत आहे, घरात नळ आहे, कोणी हात उगारत नाही. ते सगळं खरं. पण पाहायला आले त्याच पंधरवड्यात तुम्ही अक्षता टाकल्या आणि मला इथं आणून ओतलंत. मला वाटलं, मी तुम्हाला जड झाले होते. इथं त्याच दिवशी या पोरीला सांगितलं की ही तुझी आई. तिच्या आईचं वर्षश्राद्धसुद्धा झालं नव्हतं. मला निदान राग तरी धरता आला, तिनं काय करावं? म्हणून मी अखाजीला आले नाही. लिहून टाकलं, आता बरं वाटतं.

दसऱ्याला माणिकबाई आल्या. आपट्याचं पान हातावर ठेवलं आणि लगेच पोरीचे कपडे गाठोड्यात बांधायला बसल्या. दिवाळीची वाट कशाला पाहायची म्हणाल्या. सत्यभामा म्हणाली, "मासोळ्यायचं पानी व्हाचं हाये अजून."

"मासोळीपायी पोरीले ठेवू काय इथं?" माणिकबाईंनी यांना विचारलं.

"तिलेच विचारा," हे म्हणाले.

पोरगी घागरीला धरून उभी राहिली. घागर काही सोडीना. माणिकबाई वाईट नाहीत, दादा. त्यांची लेक गेली, आता नातीत ती शोधतात. जाताना त्यांनी माझ्या हातचं पाणी घेतलं आणि म्हणाल्या, "पानी पुरं होऊ दे. भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी येतो."

घागर आता गळ्यापर्यंत आली आहे. आणखी थोड्या वाट्या, की मासोळ्या पेटीत जातील. त्या जगतील असं दिसतं, आणि मला त्याचाच घोर लागला आहे. पाणी पुरं झालं की पोरीपाशी सांगायला कारण उरत नाही, आणि नुसतं राहायचं आहे असं ती म्हणणार नाही. मीही तिला म्हणू शकलेले नाही. मागच्या पत्रात एक ताट कमी होईल असं मी लिहिलं होतं, ते खोडलं असं समजा. मला ते ताट हवं आहे.

म्हणून भाऊबीजेला तुम्ही स्वतः या. मी ओवाळीन. ओवाळणीत लुगडं नको, मासोळ्या आणा, आणि घागर खाऱ्या पाण्यानं काठोकाठ भरून आणा. वाटीवाटीनं बदलत गेलं तर संक्रांत उजाडेल.

तुमची
जयवंता

ता. क. पत्र मिटत होते, तर सत्यभामा शेजारी येऊन बसली. "कोणाले लिवून राहिली?" म्हटलं, माझ्या दादाले. वाचून दाखव म्हणाली. मी शेवटचं घागरीपुरतं वाचलं. ऐकून झाल्यावर तिनं टाक मागितला.

"त्यायले काय म्हणू?"

"तुले वाटंन ते म्हण."

खालचं अक्षर तिचं आहे. मी एक शब्दही सांगितलेला नाही.

*ति. मामास सत्यभामेचा नमस्कार. एक घागर पुरणार नाही. दोन आणा.*