एक्केचाळीस कुलपं

प्रिय याडी,

तुझ्या हाताची जखम भरली का? बापूंना म्हणावं, आठ दिवस तरी माझ्या आईला मोळ्या उचलायला लावू नका. आता बातमी सांगते, पोटात ठेवून माझंच पोट दुखायला लागलंय. आपल्या तांड्याची शाळा जूनपासून बंद करायचं घाटतंय. पोरांनी नाला ओलांडून तीन किलोमीटरवरच्या गावात जायचं म्हणे. कारण काय, तर सरकारी कॉम्प्युटरमध्ये तांड्यावरची एक्केचाळीस घरं कायमची निघून गेली आहेत. तू, बापू, देवला नाईक, सगळे. तुम्ही तिकडे कारखान्यावर पाचटाच्या कोपीत राहून ऊस तोडताय आणि इथे तुमचा पत्ताच पुसलाय. घरंच नाहीत तर पोरं कुठली, आणि पोरं नाहीत तर शाळा कशाला, असा सरळ हिशेब.

झालं असं की डिसेंबरात एक जण मोटरसायकलवर घरोघरच्या पाहणीला आला. तेव्हा तांड्यावर होती म्हातारी माणसं आणि शेळ्या. त्याने दारं बघितली, एक्केचाळीस कागदांवर 'कुलूप' लिहिलं आणि जेवायच्या वेळेला तालुक्याच्या गावी, मानोऱ्यात, परत हजर. पुढे तिथे आमच्या तालुका ऑफिसात ते कागद कॉम्प्युटरवर चढले. सूचनांचा एक तक्ता असतो, त्यात लिहिलंय, दाराला कुलूप असेल तर आकडा तीन. तीन म्हणजे कायमचे स्थलांतरित. सहा महिने बाहेर जाऊन परत येणाऱ्या माणसांसाठी त्या तक्त्यात आकडाच नाही. तक्ता करणाऱ्याने आयुष्यात ऊस फक्त रसवंतीवर पाहिला असावा.

मंगरूळपीरच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की नुसती नोंद म्हणजे डेटा, तिचा अर्थ लागला की ती माहिती, आणि हवी तेव्हा हवी ती सापडेल अशी रचून ठेवली की डेटाबेस. मी घरी येऊन मोठ्या तोऱ्यात तुला हे ऐकवलं, तर तू म्हणालीस, एवढ्यासाठी बसचं तिकीट कायले काढलं, लखमाकडे बसली असतीस तरी चाललं असतं. तेव्हा राग आला होता. पण तुझं खरं होतं. तुम्ही निघताना सगळ्यांच्या चाब्या लखमा आजीकडे देता. एका दोरीत ओवलेल्या एक्केचाळीस चाब्या, कुणाला कवडी बांधलेली, कुणाला लाल दोरा, तुझ्या चाबीला ओढणीवरचा फुटका आरसा. आजीला नीट दिसत नाही, पण चाबी चाचपून सांगते, घर कुणाचं, पोरं किती, कुठल्या कारखान्यावर गेलेत, कधी येणार. पाहणीवाला तिच्या पुढ्यातून दोनदा गेला आणि तिला प्यायला पाणी मागितलं. बाकी काही विचारलं नाही.

मंगळवारी मी आजीला घेऊन साहेबांकडे गेले. तिने दोरी टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "साहेब, ज्याले वापस याचंच नाई, तो कुलूप कायले लावते? उघडं टाकून जाते ना! कुलूप हाय म्हनजे मानूस येनार हाय." याडी, कुलूप तेच होतं. पाहणीवाल्याने पाहिलं तेच. पण अर्थ आजीला लागला, आमच्या अख्ख्या ऑफिसाला लागला नाही.

साहेब हसले आणि म्हणाले, हा पुरावा धरता येत नाही. मग माझ्यापुढे कागद सरकवला, 'नोंदी तपासल्या, बरोबर आहेत', खाली सही कर. मी नाही केली. ते म्हणाले, "संगीता, तुले नोकरी करायची हाय का तांड्याची वकिली? मार्चात तुया करार संपून राह्यला, ध्यानात ठेव." मी ध्यानात ठेवलं आणि तिथेच बसून लेखी हरकत लिहिली, नावानिशी. शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठले नाही. बारा तारखेला सुनावणी आहे. एक्केचाळीस घरांची नावं, पोरांची नावं, वयं आणि प्रत्येकाचा अंगठा असा कागद त्याआधी मला हवा. आपण आहोत, हे त्यांच्या मशीनला आपल्याच हाताने सांगायचं. करार गेला तर जाऊ दे. पुढच्या हंगामात तुझ्या शेजारी कोयता घेऊन उभी राहीन, पण हरकत मागे घेणार नाही.

आता जे मुद्दाम शेवटी ठेवलं ते. तो तीनचा आकडा मी टाकला, याडी. त्या गठ्ठ्याची एंट्री माझ्याकडेच होती. सतरावा कागद आला, त्यावर बापूंचं नाव होतं, रतनसिंग. माझं बोट थांबलं. तक्ता परत पाहिला. वर विचारायला गेले तर हिला काम येत नाही म्हणतील, या भीतीने तीन दाबलं, आणि पुढचे चोवीस कागदही तसेच चढवले. फोनवर सांगितलं असतं तर तू एकटीने ऐकलं असतंस आणि लगेच माफ करून मोकळी झाली असतीस. म्हणून पत्र लिहिलं. तुला ते हेमसिंगकाका वाचून दाखवणार आणि सगळ्या कोप्या ऐकणार, हे मला माहीत आहे. ऐकू देत. बारा तारखेला साहेबांसमोर मी हेच बोलणार आहे, आणि ते तुमच्या आधी त्यांनी ऐकावं, हे मला चालणार नाही.

तुझीच,
संगीता